कबुकीचा बांध

आमच्या किनाऱ्यावर गोणीच्या बांधाला ‘कबुकी’ म्हणतात. ‘यंदा तुझी कबुकी जरा उंच घाल’, ‘अगं, तुझी कबुकी खचली बघ’, असं बायका सरळ बोलतात आणि जिच्यावरून हे नाव पडलं ती माझी नणंद कबुकी तिथेच शेजारच्या वाफ्यात फावडं ओढत उभी असते. नणंदेला नावं ठेवायला भावजयीला निमित्त लागत नाही, पण या एका बाबतीत मी तोंड मिटून असे. बांध खरोखरच तिने शोधून काढला होता आणि त्याच्या जिवावर आमचा सगळा काठ मीठ पिकवत होता.

सोंगोरचं खाजण कोरड्या दिवसांत आटत जातं, तेव्हा काठाने आमचे वाफे लागतात. खारं पाणी आत घ्यायचं, बांधाने कोंडायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं. पूर्वी बांध निव्वळ चिखलाचे असत आणि जरा वारा जोरात वाहिला की लाटा ते चाटून नेत. कबुकीचा नवरा मासेमारीला पश्चिमेच्या किनाऱ्यावर गेला आणि तिकडेच कुणाच्या तरी घरी रमला, त्याच वर्षी तिचा बांध फुटला आणि तयार होत आलेलं मीठ पुन्हा खाजणात गेलं. दुसरी कुणी असती तर माहेरी येऊन रडत बसली असती. ही बाई गावात एका मोठ्या मयतीचं जेवण झालं होतं तिथे गेली, तांदळाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या गोण्या गोळा करून आणल्या, त्यांत चिखल भरला आणि एकावर एक रचल्या. तो बांध हलला नाही. पुढच्या हंगामात सगळ्यांनी तसेच बांध घातले. आसाफोतुफियामीच्या उत्सवात राजाने तिला चारचौघांत उंची कापड दिलं. तेव्हापासून बाईची मान जी ताठ झाली ती झालीच.

पण तिची खरी करामत बांधात नव्हती, तळात होती. वाफ्याच्या तळाशी एक कातडी धरते. वरून गुलाबी, खाली हिरवी, त्याच्याही खाली काळी आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारी. ही कातडी नीट असली तर पाणी वाळूत मुरत नाही. आणि वरचं पाणी दाट झालं की तेही लाल होतं. लाल पाणी ऊन धरून ठेवतं आणि मीठ लवकर बसतं. माझी धाकटी शाळेतून शिकून आली तेव्हा म्हणाली, “आत्या, ती कातडी म्हणजे जंतू आहेत. लाल पाण्यातसुद्धा जंतूच. डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच.”

“जंतू म्हण नाहीतर जावई म्हण,” कबुकी म्हणाली. “मर्जी सांभाळली की मुकाट राहतात.”

तिच्या वाफ्यात कुणी चप्पल घालून उतरायचं नाही. उतरलंच तर कडेने, अलगद. आणि खाजण सगळं पचवतं, असं तिचं आणि आम्हा सगळ्यांचंच ठाम मत होतं. मेलेला खेकडा पडो, पाण्याची रिकामी पिशवी उडून येवो, काही दिवसांत त्यावर कातडी चढायची, वर मीठ धरायचं आणि ती वस्तू दिसेनाशी व्हायची. दिसत नाही म्हणजे पचली, असा आमचा हिशेब.

मग सेनाम आली. सेनाम म्हणजे आमची व्यापारीण. तिचा ट्रक वर्षानुवर्षं आमच्याच काठावर लागत असे. ती आमचं मीठ मासे खारवणाऱ्या बायकांना विकते. या वेळी ती ट्रकमधून उतरली ती हातात पांढरं एनॅमलचं घमेलं घेऊनच. कबुकीच्या ढिगातलं ओंजळभर मीठ तिने घमेल्यात टाकलं, वरून गोडं पाणी ओतलं आणि हाताने ढवळलं. आम्ही सगळ्या भोवती उभ्या. मीठ विरघळलं आणि पाण्यावर बारीक धागे तरंगायला लागले. पांढरे आणि काही हिरवे.

“माझ्या गिऱ्हाइकिणीच्या लेकराच्या घशात अडकला यातला एक,” सेनाम म्हणाली. “मासळीच्या कल्ल्यातून आला. ती बाई माझ्या दारात येऊन ओरडत होती. मी काय सांगू तिला?”

“शहरातून पाण्याच्या पिशव्या वाहत येतात हो,” माझा नवरा लावेर पुढे होऊन म्हणाला. “त्याला आम्ही काय करणार? मीठ जरा धुऊन घेतो.”

सेनामने एक मोठा खडा उचलला आणि उन्हाकडे धरला. “धू बरं हा. कसा धुतोस ते बघू दे.”

धागा खड्याच्या पोटात होता. मीठ त्याच्याभोवतीच जमलं होतं. मेणबत्तीतली वात जशी मेणात असते तसा तो सरळ उभा आत बसला होता.

“पुढच्या अमावास्येला येते,” सेनाम म्हणाली. “कबुकी, तुझंच मीठ घमेल्यात टाकणार, कारण या काठावर तुझ्याहून चांगलं कुणाचं नाही. त्यातही खड्यात धागा निघाला तर ट्रक केटाच्या मिठागरांकडे वळवते. मग मला बोलावू नका.”

तिचा ट्रक रिकामा गेला. रिकामा ट्रक खडखड आवाज करत जाताना आमच्या काठाने पूर्वी कधी ऐकला नव्हता. बायका शहराला शिव्या घालत घरी गेल्या. मीही घातल्या. कबुकी तेवढी घमेल्यातले धागे तळहातावर घेऊन बसून राहिली.

“वन्सं, चला आता,” मी म्हटलं. “मक्याची केंकी गार होतेय.”

“अकुयो, पाण्याची पिशवी फाटली तर काय होतं?”

“काय होणार? तुकडे.”

“तुकडे. चपटे, पापुद्र्यासारखे.” तिने हात माझ्यापुढे केला. “हे लांब आहेत. विणलेल्यातून सुटलेत. आणि हिरवे बघ.”

मी बघितलं. मग तिच्या बांधाकडे बघितलं. तिच्या गोण्यांना हिरवा पट्टा होता. इतकी वर्षं उन्हात पडून त्या पट्ट्याचा रंग विटला होता. तिने उठून एका गोणीवर नख ओढलं आणि गोणीचा भुगा झाला. वाळक्या पानासारखी ती चुरली आणि चिमूटभर धागे वाऱ्याबरोबर सरळ वाफ्यात जाऊन पडले.

तिचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी तिने पाणी सोडून दिलं. अर्धं तयार झालेलं, लाल व्हायला लागलेलं पाणी. मग गुडघ्यावर बसली आणि आयुष्यभर जिच्यावर कुणाला पाय ठेवू दिला नाही ती कातडी कोयत्याने कापून उलटी केली. आत सगळं होतं. काहीही पचलेलं नव्हतं. धाग्यांवर आधी कातडीचा चिकट बुळा चढलेला, त्याने धागे जड होऊन तळाला बसलेले, त्यावर मिठाचे कण, त्यावर पुन्हा कातडी, पुन्हा धागे. एका वर्षावर दुसरं वर्ष रचावं तसं. कुठे पाण्याच्या पिशव्याही होत्या, पण थोड्या. बाकी सगळी तिची गोणी.

“खाजणाने पचवलं नाही गं,” ती म्हणाली. “माझी अब्रू झाकून ठेवली होती, इतकंच.”

लावेर आला तो तणतणत. “ताई, वेड लागलं का तुला? पाऊस डोक्यावर आलाय. कातडी काढलीस तर पाणी कुठे थांबणार?”

“बांधही काढतेय.”

“बांध? अगं, तुझ्या नावाचा बांध! राजाने कापड दिलं त्याचं!”

“म्हणूनच मी काढतेय. तुझ्या नावाचा असता तर तुला सांगितलं असतं.”

“आणि मीठ भरणार कशात? गोणीतच ना शेवटी?”

“भरायची गोणी वर्षानुवर्षं उन्हात पडत नाही, लावेर. तू काल सेनामसमोर धुऊन देत होतास, आज मला शिकवतोयस. मदत करायची असेल तर उतर, नाहीतर सावली तरी सोड माझ्या अंगावरची.”

तो उतरला नाही. आमच्या वाफ्याची कबुकी लाल पट्ट्याच्या गोण्यांची होती, आणि आज बहिणीने तोडली तर उद्या बायको आपलीही तोडायला लावेल, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

मग आम्ही दोघींनीच काम केलं. गोण्या उपसून दूर उंचावर नेऊन टाकल्या. चिखलात लव्हाळ्याचं गवत कालवून पायांनी तुडवलं आणि तिची आई घालायची तसा बांध घातला. तळ झाडून साफ केला. मग नवं पाणी घेतलं. संध्याकाळी तिने काठी रोवून पाण्याच्या पातळीवर नखाने खूण केली. सकाळी पाणी खुणेच्या बोटभर खाली होतं. दुपारी आणखी खाली. पाणी उन्हाने जात नव्हतं, वाळू पीत होती. सेनाम यायला थोडेच दिवस होते आणि दक्षिणेला समुद्रावर रोज दुपारी ढग जमायला लागले होते. मीठ धरायच्या आत पाऊस आला असता तर घमेल्यात टाकायला मूठभरही मीठ नसतं.

काठावरच्या बायका येऊन बघून जायच्या. “कातडी धरायला हंगाम लागतो म्हणे,” एक म्हणायची. दुसरी म्हणायची, “म्हातारपणी असं होतं.” माझं डोकं फिरलं. “मग केटाच्या मिठाची पोती वाहायची तयारी करा,” मी म्हटलं, “तिथे मजुरी मिळेल तुम्हाला.” त्या गेल्या. कबुकीने माझ्याकडे बघितलंही नाही. तिचं लक्ष काठीवर होतं.

“आईचा वाफा,” ती अचानक म्हणाली.

तिच्या आईचा वाफा काठाच्या पार टोकाला होता, गोणीचे बांध येण्याआधीच सोडून दिलेला. बांध केव्हाच विरघळून गेला होता. पण खाजणाचं पाणी तिथे ये-जा करायचं आणि तळाची कातडी कुणी न विस्कटता तशीच वाढली होती. जाड, स्वच्छ. आम्ही ती पोळीएवढ्या तुकड्यांनी कापली, घमेल्यांत खाऱ्या पाण्यात बुडवून डोक्यावरून आणली. वाटेत वाळता कामा नये, म्हणून पहाटेच निघायचो आणि ऊन तापायच्या आत तळाला लावायचो. गुलाबी बाजू वर, तुकड्याला तुकडा भिडवून. एक तुकडा मी उलटा लावला तर तिने हातावर चापट मारली.

“डोक्यावर उभं राहून जगशील का तू?”

“तुमच्या घरात सून म्हणून आलेय, त्याहून वेगळं काय करतेय?” मी म्हटलं.

ती हसली. त्या दिवसांत एवढंच काय ते हसली.

जोडांमधून पाणी झिरपतच होतं. रोज सकाळी आम्ही आधी काठीकडे जायचो, मग एकमेकींच्या तोंडाकडे बघायचो. बोटभर. मग अर्धं बोट. मग एका सकाळी पाणी खुणेलाच होतं. तिने वाकून तळाला हात लावला. दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत बुळबुळीत, बारीक असं काही धरलं होतं. जंतू की जावई, जे कोण होते ते एकमेकांना भेटले होते. मला रडू आलं. तिने मात्र खाजणाकडे बघितलं आणि म्हणाली, “आता वारा पडू दे.”

वारा पडला नाही. पाण्याला लाली चढली, कडेने मिठाचे पापुद्रे धरायला लागले, आणि त्याच दुपारी वारा उलटून खाजणाकडून आला. लाटा बांधावर आपटायला लागल्या. गोणीचा बांध असता तर आम्ही सावलीत बसून शिळोप्याच्या गप्पा मारल्या असत्या. चिखलाचा बांध ओलसर होऊन खाली बसायला लागला. आम्ही चिखल टाकतोय, लाट नेतेय. आणि मग मधोमध तो फुटला. हातभर भगदाड. पातळ पाणी आत येऊ लागलं. थोडा वेळ असंच चाललं असतं तर लाल पाणी विरून सगळं मुसळ केरात.

लावेर पळत आला. खांद्यावर आमच्या बांधातली भरलेली गोणी होती. “ताई, सरक! ही एक टाकतो. एका गोणीने काही होत नाही!”

“टाकू नकोस!”

“अगं, सगळं जाईल!”

“टाकू नकोस म्हणते ना!”

त्याने टाकलीच. जुनी गोणी भगदाडात पडताना उसवली. कबुकीने तिला मिठी मारून ती बाहेर ओढली, त्याच्या अंगावर ढकलली, आणि स्वतः त्या भगदाडात पाठ लावून बसली. लाट आली ती तिच्या पाठीवर फुटली. ती हलली नाही. खारं पाणी तिच्या डोळ्यांत जात होतं, तिने ते पुसलंही नाही.

“अकुयो, चिखल!” ती ओरडली. “बघत काय बसलीस!”

मी तिच्या दोन्ही बाजूंनी चिखल रचत गेले. गवत कोंबलं. तिच्या कमरेभोवती, मांड्यांभोवती. मी तिला शिव्याही देत होते, सगळ्या देत होते, आमच्या लग्नापासूनच्या. लावेर तिथे फाटकी गोणी घेऊन उभा होता, आणि मग ती त्याने लांब फेकली आणि दोन्ही हातांनी चिखल उपसायला लागला. वारा पडेपर्यंत ती उठली नाही. उठली तेव्हा पाठीची कातडी मिठाने सोलली होती, आणि बांधात तिच्या पाठीचा आकार उमटला होता. तिथेच आम्ही सगळ्यात जाड चिखल भरला.

सेनाम आली त्या दिवशी आभाळ काळं होतं. कबुकीने पहाटेच मीठ ओढून ढीग केला होता. नेहमीच्या निम्म्यानेही नव्हता. अंगावर राजाने दिलेलं कापड होतं. सगळा काठ जमला होता.

सेनामने ओंजळ घमेल्यात टाकली. पाणी ओतलं. ढवळलं. आम्ही सगळ्या वाकून बघत होतो. मीठ विरघळत गेलं, पाणी गढूळ झालं, निवळलं. काही नव्हतं. मी श्वास सोडला. आणि कडेने फिरत एक धागा वर आला.

लाल.

सेनामने तो बोटाच्या टोकावर घेतला. “हा कुणाचा?”

कबुकीने लावेरकडे बघितलंसुद्धा नाही. “माझा,” ती म्हणाली. “या काठावरचा प्रत्येक धागा माझा. हे बांध मी शिकवले.”

सेनामने मान हलवली आणि घमेल्यातलं पाणी ओतून द्यायला वाकली. कबुकी सरळ उभी होती, पण तिचा हात कापडाच्या काठाला घट्ट धरून होता, मी बघत होते.

“ताईचा नाही तो,” लावेर म्हणाला.

सगळ्या त्याच्याकडे वळल्या. माझ्या नवऱ्याने चारचौघांत आपली चूक कबूल केल्याचं मी तरी तोवर पाहिलं नव्हतं.

“माझ्या गोणीचा आहे,” तो म्हणाला. “बांध फुटला तेव्हा मीच टाकली. तिने नको म्हटलं होतं. तिने ती अंगाने बाहेर ओढली आणि तिथे स्वतः बसली. हवं तर तिची पाठ बघा.”

सेनाम ढिगापाशी बसली आणि खडे उचलून एकेक उन्हाकडे धरायला लागली. ऊन नव्हतंच, ढगांतून येईल तेवढा उजेड. मग तिने खडे दगडावर ठेवून फोडले, चुरा हातात घेऊन बघितला. वरचे, मधले, ढिगाच्या अगदी तळातले. आभाळ गुरगुरलं तरी ती उठली नाही.

“खड्यात नाही,” शेवटी ती म्हणाली. “हा एक वरवरचा होता, मिठाने धरलेला नाही. मीठ स्वच्छ आहे.” मग उठून काठाकडे हात केला, आमच्या वाफ्यांकडे, सगळ्या बांधांकडे. “पण बाकीच्यांचं मी आज बघतही नाही. पुढच्या हंगामात बघेन.”

तिने ते थोडं मीठ भरलं आणि पाऊस कोसळायच्या आत ट्रक निघून गेला.

पाऊस उघडल्यावर सकाळी लावेर कोयता घेऊन आमच्या बांधावर उभा होता. मी काही बोलले नाही. लग्नात शिकलेल्या गोष्टींपैकी ती एक. हळूहळू इतर बायकाही आल्या. कुणी गोण्या उपसत होत्या, कुणी कबुकीला विचारत होत्या, गवत किती, चिखल कुठला, कातडी तुमच्या आईच्या वाफ्यातून आम्हाला मिळेल का. ती सांगत होती. मग एकीने, तिला बरं वाटावं म्हणून, विचारलं, “कबुकी, आता या मातीच्या बांधाला कबुकी म्हणायचं ना?”

“नाही,” ती म्हणाली. “कबुकी म्हणजे गोणीचाच. माझ्या चुकीला माझंच नाव राहू दे. शेवटची गोणी निघाली की ते नावही आपोआप जाईल.”

त्याला आता काही हंगाम झाले. सेनामचा ट्रक आमच्या काठाला लागतो. कबुकी थकली आहे, वाफ्यात फार उतरत नाही, राजाचं कापड पेटीत आहे. काल संध्याकाळी लावेर पलीकडच्या काठावरून आला आणि पाय धुताना म्हणाला, “ताई, तिकडे वळणापाशी अजून एक कबुकी उभी आहे.”

ती अंथरुणातून उठली आणि कोयता कुठे ठेवलाय म्हणून मला विचारायला लागली.